युनिकोड फुटतं, कारण कंपोझर बदललेला नसतो

‘इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी फुटतं, म्हणून पेजमेकर आणि जुने फॉन्टच बरे’ हे मला पटत नाही. (इनडिझाइन, पेजमेकर ही पुस्तकाची पानं मांडायची सॉफ्टवेअर; युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत.) इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारी सेटिंग, ‘वर्ल्ड-रेडी’ केला की वेलांट्या, जोडाक्षरं जागेवर बसतात. जुन्या फॉन्टचा फटका नंतर बसतो, कारण त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. आजीच्या आठवणींचं पुस्तक आम्ही पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलं होतं. ई-बुकसाठी फाइल उघडली तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी! युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला तर रफार भलत्याच अक्षरांवर. अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागलं.

आणि फॉन्ट निवडताना ल, श बघाच. २००९ च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं आहेत, पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण दिसतं. फॉन्टमध्ये सोय असेल तर मजकुराची भाषा ‘मराठी’ केल्यावर ते बदलतं.