जपानी: व्याकरण बरोबर, तरी वाक्य खटकतं

शाईदौत: एन-२ च्या (जपानी भाषेच्या ‘जेएलपीटी’ परीक्षेची वरून दुसरी पातळी) पुढे गेलेल्यांच्या वाक्यांतही काही जागा अशा असतात, की चूक दाखवता येत नाही पण जपानी माणूस क्षणभर थबकतो. उदा. ‘सेन्सेई, काबान ओ मोत्ते आगेमास’, म्हणजे ‘सर, बॅग उचलून देतो’. प्रत्यय, क्रियापद सगळं जागेवर आहे. मग खटकतं काय? मराठीभाषकांनी आणखी काय तपासावं?

पायवाट: खटकतं ते ‘आगेमास’. मराठीत ‘बॅग उचलून देतो’, ‘फॉर्म भरून देतो’ हे निव्वळ सौजन्य. जपानीत ‘~ते आगेरु’ म्हटलं की ‘तुमच्यासाठी करतोय बरं का’ असा उपकाराचा सूर लागतो. धाकट्या भावाला गणित शिकवलं हे सांगताना चालेल, शिक्षकांच्या तोंडावर नाही. ‘साशिआगेमास’ केल्यानेही भागत नाही, कारण शब्द नम्र झाला तरी उपकार तसाच राहतो. ‘मोचिमास’ (उचलतो) मधला ‘मास’ काढा, आधी ‘ओ’ आणि नंतर ‘शिमास’ जोडा: ‘ओमोचि शिमास’. विचारायचं असेल तर ‘ओमोचि शिमाशोऽ का’.

उलट बाजूची चूक जास्त वेळा होते आणि कमी वेळा पकडली जाते. ‘मित्राने स्टेशनपर्यंत सोडलं’ एवढं मराठीत पुरतं. ‘तोमोदाचि गा एकि मादे ओकुत्ता’ ऐकून मात्र कोणाला सोडलं तेच कळत नाही. ‘ओकुत्ते कुरेता’ म्हटलं की ‘मला’ हेही आलं आणि त्याची जाणही आली.

तिसरी गोष्ट: ‘अजून जेवलो नाही’ यातला भूतकाळ थेट उचलून ‘मादा ताबेमासेन देशिता’ म्हणणारे पुष्कळ. भूतकाळी ‘देशिता’ने विषय मिटतो, ‘मादा’ने (अजून) तो उघडा राहतो, म्हणून दोन्ही एकत्र नांदत नाहीत. ‘मादा ताबेते इमासेन’ म्हणा. नुसतं ‘मादा देस’ (अजून नाही) हेही चालतं.

मराठीतला ‘तो’ही फसवतो, कारण ‘तो माणूस’ला जपानीत ‘सोनो हितो’ आणि ‘आनो हितो’ असे दोन पर्याय आहेत. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘सोनो हितो’ हवं. ‘आनो हितो’ म्हटलंत तर समोरचा आठवत बसतो, की हा आपल्या दोघांच्या ओळखीचा कोण?

शाईदौत: आणि ‘त्याला जपानला जायचंय’ याचं ‘कारे वा निहोन नि इकिताई देस’?

पायवाट: दुसऱ्याच्या मनातलं असं ठामपणे सांगत नाहीत. ‘इकिताई तो इत्ते इमास’, म्हणजे ‘जायचंय असं म्हणतोय’, हे सुरक्षित. ‘इकितागात्ते इमास’ही बरोबर, पण वरिष्ठांबद्दल नको. त्यांना ‘कोऽहीऽ गा नोमिताई देस का’ (कॉफी प्यायचीय का) असं विचारणंही टाळा. ‘कोऽहीऽ वा इकागा देस का’ (कॉफी घेणार का) म्हणा.

जेएलपीटीत बोलण्या-लिहिण्याचा विभागच नाही, त्यामुळे एन-१ मिळूनही हे सगळं तसंच राहू शकतं. मेल पाठवण्याआधी दोन व्यक्तींमधल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि बघा: केलं कोणी, फायदा कोणाचा, वाचणारा कोण. ‘आगेरु’, ‘कुरेरु’ की ‘ओ~शिमास’, हे तिथेच ठरतं.