वार्षिक परीक्षेनंतरचे (संकलित 2) एप्रिलमधले दिवस : दुसरी-तिसरीच्या जोडवर्गात काय घ्यावं?

पाटीपेन्सिल
नमस्कार. द्विशिक्षकी शाळा, दुसरी-तिसरीचा जोडवर्ग (दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे), पट 26. सकाळची शाळा सुरू आहे. संकलित मूल्यमापन संपल्यापासून 1 मेच्या निकालापर्यंत जे दिवस उरतात, त्यांत पुस्तक संपलेलं असतं आणि परीक्षा झाली म्हणजे शाळा झाली असं मुलांनाच नव्हे, पालकांनाही वाटतं. उपस्थिती निम्म्यावर येते. चित्र रंगवणं आणि गाणी याच्या पुढे जाऊन खरोखर शिकणं होईल असं काय घेता येईल? खर्च जवळजवळ शून्य हवा. नोंदवह्या आणि प्रगतिपत्रकंही याच दिवसांत पूर्ण करायची आहेत.

खडूफळा
मॅडम, पहिला नियम म्हणजे दोन-तीन दिवस चालणारा प्रकल्प घेऊ नका. आज आलेलं मूल उद्या येईलच असं नाही, आणि अर्धवट कामाचा ढीग टेबलावर साचतो. सुटायच्या आत पूर्ण होईल तेवढंच घ्या.

एका ए-फोर कागदाचं आठ पानी पुस्तक यासाठी फार चांगलं. पाठकोरे कागद चालतात, कारण छापील बाजू घडीच्या आत लपते. कागदाला उभ्या-आडव्या घड्या घालून आठ चौकोन पाडा (चार रकाने, दोन ओळी) आणि उलगडा. मग आखूड कडा एकमेकींवर येतील असा निम्म्यात दुमडा. आता दुमडलेल्या कडेकडून मधल्या आडव्या घडीवर कात्री चालवा, ती पुढच्या उभ्या घडीपर्यंतच. उलगडल्यावर कागदाच्या मधोमध चीर दिसते. लांब कडा जुळवून, छापील बाजू आत ठेवून दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. चीर फाकून अधिकचं चिन्ह झालं की पानं एकाच दिशेला गुंडाळा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि लिहायला सहा पानं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. मुलं सुट्या कडेकडून कापतात, मग मधोमध चीर पडण्याऐवजी कागद दोन्ही कडांनी चिरतो. म्हणून कापायच्या आधी प्रत्येकाला दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवायला लावा. दुसरं, काही जण सपाट कागदावरच लिहायला घेतात. सपाट कागदावर एक ओळ उलटी असते, त्यामुळे पुस्तक झाल्यावर निम्मी पानं डोक्यावर उभी राहतात. आधी घडी, मग पेन्सिलीने पानांचे आकडे, मग मजकूर.

विषय घरातल्या कृतीचा द्या : भाकरी कशी थापतात, कुरडया कशा घालतात, शेळीचं दूध कसं काढतात. क्रम आपोआप येतो, ‘आधी, मग, शेवटी’ हे शब्द लिहावेच लागतात. गट इयत्तेवर न पाडता वाचनस्तरावर पाडा. शब्दस्तरावरचं (सुटे शब्दच वाचू शकणारं) मूल पानाला एक चित्र आणि एक शब्द लिहील, परिच्छेद वाचणारं दोन वाक्यं. चुका कच्च्या कागदावर दुरुस्त करा, पण पुस्तकात लाल शाई नको. ते पुस्तक मुलाचं आहे.

सावलीमोजणी
गणित आणि परिसर अभ्यास हे विषय एकत्र घ्यायचे असतील तर सावली मोजा. 30 सेंमीची सरळ काडी ओल्या मातीच्या गोळ्यात रोवा, दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा आणि काडी उभी आहे का ते दोन बाजूंनी पाहा. साडेसातपासून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकावर खूण करून लांबी मोजा. पुणे-सोलापूर पट्ट्यात 20 एप्रिलच्या सुमाराला साडेसातची सावली मीटरभर, नऊची 40 सेंमीच्या आसपास आणि साडेदहाची 20 सेंमीपेक्षा कमी भरते. त्यामुळे मीटरभर उंच काठी घेऊ नका, सकाळची सावली अंगणाबाहेर जाते.

तिसरीने लांबी लिहावी आणि दोन खुणांमधला फरक काढावा. दुसरीने प्रत्येक सावलीएवढी सुतळी कापून भिंतीवर ओळीने चिकटवावी. सुतळ्या आधी भराभर आणि नंतर हळूहळू आखूड होत जातात, हे बघूनच कळतं. ‘असं का?’ हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, घाईने उत्तर देऊ नका. मोजणाऱ्यांनाच बाहेर पाठवा, बाकीचे सावलीत.

मे महिन्यात एका दिवशी आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. पुण्यात साधारण 13 मे, मुंबईत 15 मे. सुट्टीत घरी बघायला एवढं एकच काम सांगा.

हातचा_एक
सरबताचा हिशोबही घ्या. 20 ग्लासांना (प्रत्येकी 200 मिली) 10 लिंबं, अर्धा किलो साखर, दोन लहान चमचे मीठ. पाणी चार लिटर एकदम ओतू नका, साखर आणि रसानेही माप वाढतं. साडेतीन लिटरपासून सुरुवात करा. लिंबू 5 रुपयांना आणि साखर 25 रुपयांची धरली तर खर्च 75, पाच रुपयांनी विकलं तर जमा 100. एका ग्लासाचा खर्च मात्र विचारू नका, 75 ला 20 ने पूर्ण भाग जात नाही आणि तिसरीची मुलं तिथेच अडकतात. खेळातल्या कागदी नोटांमध्ये 10 आणि 20 च्या भरपूर ठेवा, म्हणजे सुटे परत द्यावेच लागतील.

पाटीपेन्सिल
खूप उपयोगी. पुस्तक आणि सावली नक्की घेते. प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींचं काय? 26 मुलांच्या लिहिताना त्याच त्या ओळी येतात.

खडूफळा
पुस्तकं आणि सावलीचे कागद समोर ठेवूनच नोंद लिहा. ‘गणितात प्रगती चांगली’ यावरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. ‘हातच्याची बेरीज येते. वजाबाकीत एककाला शून्य असेल तर मोठ्यातून लहान अंक वजा करतो, 50 − 27 = 37 लिहितो. दहा काड्यांचा गठ्ठा सुटा करून दिला की बरोबर करतो’ अशी नोंद असेल तर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात काम सुरू होतं. वाचनाला पण तसंच : कुठल्या स्तरावर आहे, कुठली जोडाक्षरं अडतात, बोट ठेवून वाचतो का.

रोज पाच-सहा मुलं घ्या, बाकीची पुस्तकात गुंतलेली असताना. प्रत्येकाला एक उतारा आणि दोन वजाबाक्या, चार-पाच मिनिटं पुरतात. जी मुलं नेहमी गैरहजर असतात ती आली की पहिला नंबर त्यांचा.

हातचा_एक
जोडून एक : शाळेच्या वाचनपेटीतली पुस्तकं सुट्टीत कपाटात बंद ठेवू नका. एका वस्तीतल्या तीन-चार मुलांच्या गटाला प्रत्येकी दोन वेगवेगळी द्या, ती आपसांत बदलतील. वहीत मुलाच्याच हाताने पुस्तकाचं नाव लिहून घ्या. एखादं फाटेल, एखादं परत येणार नाही, तेवढं सोसावं.