लॅपटॉपची डिस्क बदललीत? काय निवडलंत आणि का? – अनुभव धागा

सात-आठ वर्षांचे लॅपटॉप घरोघरी आहेत. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, पण बटण दाबल्यावर काम सुरू करता येईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. बहुतेकांत कारण एकच असतं, आत बसवलेली ५४०० फेऱ्यांची अडीच इंची हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि तेव्हापासून ‘नवा लॅपटॉप घेऊ की डिस्क बदलू?’ हे मला नात्यातले, शेजारचे सगळेच विचारतात. रॅम ८ जीबी असेल किंवा तेवढी करता येत असेल, तर आधी डिस्क बदला, असं माझं ठाम मत आहे. चालतं यंत्र भंगारात जाताना पाहवत नाही.

सुरुवात मी करते. आईच्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची साटा एसएसडी बसवली. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिप्सवर साठवणारी डिस्क आणि साटा म्हणजे हार्डडिस्कचीच जुनी जोडणी. दुकानात सेकंदाला ३५०० आणि ७००० एमबी वेगाच्या एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीच्या एसएसडी) दाखवत होते, पण त्या लॅपटॉपला साटाचीच जोडणी आहे आणि साटाची मजल सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंतच. तरीही फरक प्रचंड पडला. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचल्या जातात. हार्डडिस्कमध्ये दरवेळी हेड सरकून तबकडी फिरून येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत सरकणारा भागच नाही.

तुम्ही लिहिताना लॅपटॉप साधारण कोणत्या काळातला, आत काय होतं, काय बसवलंत आणि का, एवढं जरूर सांगा. ‘भारी आहे, घ्या’ एवढ्यावर कुणाला निवड करता येत नाही.

नाशिक, प्राध्यापिका

जुनी डिस्क १ टीबीची होती म्हणून नवीही १ टीबीच हवी असं घरात सगळ्यांचं म्हणणं. मी आधी वापरलेली जागा पाहिली, १५० जीबीसुद्धा भरत नव्हती. मग त्याच पैशात स्वस्तातली १ टीबी घेण्याऐवजी पाच वर्षांची वॉरंटी असलेली ५०० जीबी घेतली. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलवर ३०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० टीबी लिहून होईपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी होईल तोवर कंपनी वॉरंटी देते. मी रोज २० जीबी लिहिलं तरी तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागतील. त्यामुळे ‘एसएसडी लवकर झिजते’ ही भीती माझ्यासारख्या वापराला लागू नाही. मी टीबीडब्ल्यूपेक्षा वॉरंटीची वर्षं बघितली.

कोल्हापूर, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

ताई, चांगला विषय घेतलात. माझ्याकडे येणारे निम्मे लोक डिस्क आधी ऑनलाइन मागवतात आणि मग बसत नाही म्हणून येतात. म्हणून माझं एकच मागणं आहे: पैसे भरण्याआधी तळाचं झाकण उघडा, किंवा उघडून घ्या, आणि आतला फोटो काढा.

अडीच इंची असेल तर जाडी बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये ९.५ मिमीची डिस्क असते, एसएसडी ७ मिमीची. फरक भरून काढायला प्लास्टिकची चौकट लावायची, नाहीतर डिस्क हलते आणि कनेक्टरवर ताण येतो. जुन्या डिस्कची लोखंडी पट्टी फेकू नका, ती नव्या डिस्कला लावावी लागते.

एम.२, म्हणजे छोट्या पट्टीसारखं कार्ड, असेल तर तीन गोष्टी. पहिली लांबी: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० बसते. दुसरी जोडणी: एम.२ हा फक्त आकार आहे, त्यात साटाही येते आणि एनव्हीएमईही. कार्डाच्या टोकाला दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा साटा, एकच असेल तर बहुतेक वेळा एनव्हीएमई. स्लॉट साटाचाच असला तर एनव्हीएमई आत सरकणारच नाही, किंवा सरकली तरी दिसणार नाही. यासाठी मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलवर विश्वास ठेवा, कार्डाच्या दिसण्यावर नाही. तिसरी गोष्ट, चिप्स एका बाजूला की दोन्ही. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंच्या चिप्सचं कार्ड घेतलं तर झाकण नीट बसत नाही. मोठ्या क्षमतेत हे विशेष तपासा.

आणि स्क्रू! रिकाम्या स्लॉटजवळ तो पुष्कळदा नसतोच आणि डिस्कच्या डब्यातही मिळत नाही. दुकानात एम२ मापाचा, म्हणजे २ मिमी जाडीचा, मागा. चिकटपट्टी लावून ठेवलेली कार्डं मी पाहिली आहेत, तसं करू नका. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची, बाकी सगळं नंतर.

मडगाव, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ

माझं काम वेगळं, एका कार्यक्रमाचे दोनशे-तीनशे जीबी एका दमात कॉपी करावे लागतात. इथे टीएलसी की क्यूएलसी (एसएसडीतल्या चिप्सचे दोन प्रकार) हा प्रश्न खरा होतो. टीएलसीत एका सेलमध्ये तीन बिट, क्यूएलसीत चार बिट ठेवतात, म्हणून स्वस्त पडते, पण लिहिणं हळू. सुरुवातीचा वेग कॅशमुळे, म्हणजे आतल्या जलद तात्पुरत्या जागेमुळे मिळतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी डिस्कच्या १ टीबीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की कॅश ४२ जीबीपर्यंत आणि ती भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. म्हणजे आपल्या हार्डडिस्कएवढाच. ते वाचून मी टीएलसी घेतली, थोडे पैसे जास्त गेले. सिनेमे, गाणी, जुने फोटो ठेवून वाचायचेच असतील तर क्यूएलसी उत्तम आहे, तिला वाईट म्हणणार नाही.

जुनी कामं मात्र मी हार्डडिस्कवरच ठेवतो, दोन प्रती. जेडेक या मानक-संस्थेच्या नियमानुसार, लिहिण्याची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष डेटा धरला की पुरे. नवी असेल तर जास्त टिकेल, पण गोव्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवून विसरायची ती वस्तू नाही.

धागाकर्ती

नाशिककर ताई आणि मडगावकर दादा, तुम्हा दोघांच्या निवडी उलट्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. हेच मला या धाग्यात हवं होतं. कुणी सगळा डेटा, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वगैरे, नव्या डिस्कवर नेला आहे का?

सोलापूर, कर सल्लागार

हो. ऑफिसचा लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. पिवळी खूण, आणि सी५ या ओळीत आकडा. सी५ म्हणजे वाचायला नकार देणारे सेक्टर, डिस्कवरच्या छोट्या जागा. अशा डिस्कचं थेट क्लोन (नव्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल) करायचं नाही, कारण क्लोन करणारं सॉफ्टवेअर खराब जागी अडून तिथंच घासत बसतं आणि तोवर डिस्क आणखी बिघडते. आम्ही आधी टॅलीचं डेटा फोल्डर आणि अशिलांचे कागद बाहेरच्या डिस्कवर घेतले. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवलं. ते आधी चांगल्या जागा उचलतं, खराब जागांकडे शेवटी वळतं, मधे थांबलं तरी पुढे सुरू करता येतं. जे सुखरूप मिळालं ते पाहून मग नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाकलं. जीएसटीच्या तारखा डोक्यावर होत्या, तरी ही क्रमवारी मोडली नाही याचं समाधान आहे.

बंगळुरू, आयटी

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी दोन गोष्टी. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असतं. विंडोज टाकायला घेतलं की डिस्कच दिसत नाही आणि माणूस नवी डिस्क परत करायला निघतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, डिस्क दिसते.

दुसरं, जुन्या डिस्कला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी की शोधून कागदावर लिहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिस्क तुमच्या नकळत एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असू शकते. की नसेल तर जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालूनही काही वाचता येत नाही.

पुणे, भाषांतरकार

मॅकबुक एअर, २०१७. त्याचा कनेक्टर ॲपलचा स्वतःचा आहे, त्यामुळे एनव्हीएमईला छोटा अडॅप्टर लावावा लागतो. आधी मॅकओएस हाय सिएरा किंवा त्यापुढचं असायला हवं, नाहीतर डिस्क ओळखली जात नाही. माझं उत्तम चाललंय. २०१८ पासूनच्या एअरमध्ये साठवण बोर्डालाच झाळलेली आहे, म्हणून आता घेणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच क्षमता विचारून घ्या.

नागपूर, विद्यार्थी

बजेट कमी होतं. २५६ जीबीची साटा एसएसडी घेतली, जुनी हार्डडिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (त्या जागेत बसणाऱ्या चौकटीत) बसवली. कॅडीची जाडी बघून घ्या, ९.५ की १२.७ मिमी. आणि ‘१६ टीबी एसएसडी’ दोन हजारात मिळते म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. एका मित्राने आणलेली एच२टेस्टडब्ल्यू या खरी क्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासली, खरी जागा फारच थोडी निघाली. १ टीबीची ९३१ जीबी दिसते ते मात्र फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी.

ठाणे, गृहिणी

प्रश्न आहे. जुनी डिस्क भाचीला द्यायची आहे. फॉरमॅट केलं की पुरतं का?

कोल्हापूर, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

ताई, हार्डडिस्क असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. एसएसडी असेल तर त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सिक्युअर इरेज वापरा, कारण वरून लिहिलेलं सगळ्या सेल्सपर्यंत पोचत नाही. आणि देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोत बघा. पिवळी खूण असेल तर भाचीला ती डिस्क देऊच नका.