मदत हवी आहे: वाकडं नाक आणि आतला पडदा, दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये करावं का?

रानजाई

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २४. चौदाव्या वर्षी क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला होता. सूज उतरली म्हणून तेव्हा पुढे काही केलं नाही. आता नाक मधूनच उजवीकडे कललेलं दिसतं, वर छोटा उंचवटा आहे आणि डावी नाकपुडी जवळजवळ बंद असते. रात्री तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा.

एका डॉक्टरांनी "नाकाचं हाड वाढलंय, पडदा सरळ करू" असं सांगितलं. दुसऱ्यांनी सेप्टोरायनोप्लास्टी, म्हणजे श्वास आणि आकार एकदमच करा म्हटलं. खर्चात खूप फरक आहे. लग्न मे महिन्यात आहे, म्हणजे हातात आठ महिने. दोन्ही एकत्र करावं का? नंतर किती दिवस घरी बसावं लागेल? विमा मिळतो का? आजी म्हणते कपाळाची कातडी काढून नाकाला लावतात, ते खरं का?

सप्तपर्ण

रानजाई, "हाड वाढलंय" असं सगळेच म्हणतात, पण हाड वाढलेलं नसतं. नाकाच्या मधला पडदा पुढे कूर्चेचा (मऊ, लवचीक हाडाचा) आणि मागे कडक हाडाचा असतो, तो एका बाजूला झुकलेला असतो. बाजूच्या भिंतीवर टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या असतात, त्या ॲलर्जीने फुगतात. तिसरी जागा बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही: नाकाच्या मधल्या भागात पडदा आणि वरची कूर्चा यांच्यातला कोन. तो जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो आणि श्वासाला सगळ्यात अरुंद वाट तिथेच आहे. नाक मधून कललेलं असेल तर हा कोन एका बाजूला दबलेला असण्याची शक्यता बरीच.

म्हणून पहिला प्रश्न "एकत्र की वेगळं" हा नाही, अडथळा या तिघांपैकी कशाचा किती, हा आहे. तपासणीत दोन गोष्टी झाल्या का ते विचारा. एक, नाक मोकळं करणारा स्प्रे मारून १०-१५ मिनिटांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहणं. स्प्रेने नाकपुडी छान उघडली तर दोष मुख्यतः टर्बिनेटच्या सुजेचा, आणि मग आधी ६ आठवडे स्टेरॉइड स्प्रे नीट वापरून बघावा. दोन, बारीक काडीने आतून तो कोन हलकेच उचलून श्वास सुधारतो का ते पाहणं. घरी गाल बाहेर ओढूनही असं करता येतं, पण गाल ओढला की चांगल्या नाकालाही बरं वाटतं, तेव्हा त्यावर निर्णय घेऊ नका.

आता मूळ मुद्दा. मार लागून नाक बाहेरून वाकलेलं असेल आणि पडद्याचा पुढचा-वरचा भागही वाकडा असेल, तर नुसता आतला पडदा सरळ करून श्वास पुरता सुटत नाही. त्या भागावरच नाकाचा आकार उभा असतो. "जिकडे पडदा जातो तिकडे नाक जातं" हे या कामातलं जुनं वाक्य आहे. तेव्हा तुम्ही लिहिलंय त्यावरून एकत्र करणंच मला योग्य वाटतं.

दुसरं कारण याहून मोठं आहे: कूर्चा हे भांडवल आहे. पडद्यातून कूर्चा काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला किमान १० मिलिमीटरची एल आकाराची चौकट ठेवावीच लागते, नाहीतर नाक मधोमध बसतं. मधली जी कूर्चा निघते तिच्याच पट्ट्या कापून त्या दबलेल्या कोनात घालतात आणि वाट रुंद ठेवतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये ही कूर्चा काढून टाकून दिली, तर दोन वर्षांनी आकारासाठी गेल्यावर कानातून किंवा बरगडीतून कूर्चा घ्यावी लागते. म्हणून फक्त पडदाच करायचं ठरलं तरी सर्जनना विचारा, "कूर्चा किती काढणार आणि किती ठेवणार?"

टर्बिनेटबद्दल एवढंच की आतून कमी करा, कापून टाकू नका. जास्त काढलं तर नाक रिकामं असूनही कोंडल्यासारखं वाटतं, आत खपल्या धरतात, आणि त्यावर सोपा उपाय नाही.

आकाराची अपेक्षा: जुन्या मारातलं नाक पूर्ण सरळ होईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. कूर्चा आपल्या जुन्या वळणाकडे थोडी परतते, शिवाय चेहऱ्याच्या दोन बाजू मुळात सारख्या नसतात. संगणकावर दाखवलेला फोटो बोलण्यासाठी असतो, तो करारनामा नव्हे.

आजींना सांगा, कपाळाची कातडी नाक कापलं गेलं किंवा कर्करोगात गेलं तर लागते. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची रीत आहे, आणि कपाळाची रीत जगाला कळली ती पुण्यातून. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर इथे झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आला होता. भावाच्या बाबतीत त्याची काही गरज नाही. त्याला फार तर दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद असेल, तो काही महिन्यांत पुसट होतो.

ओटी_सिस्टर

घरच्या माणसांसाठी दिवसांप्रमाणे लिहिते.

आधी: सिगारेट किमान ४ आठवडे बंद. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ई-च्या गोळ्या सर्जनना दाखवून साधारण १०-१४ दिवस आधी थांबवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नये. आदल्या रात्रीनंतर जेवण नाही, साध्या पाण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील.

ऑपरेशन पूर्ण भुलेत, अडीच ते चार तास. शुद्धीवर आल्यावर काळपट उलटी झाली तर घाबरू नका, ते गिळलेलं रक्त असतं. नाकाखाली गॉजची पट्टी असते, ती पहिल्या दिवशी गुलाबी-लाल होणारच. दहा-पंधरा मिनिटांत एकेक पट्टी लालभडक भिजायला लागली तर मात्र लगेच कळवा.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट दिसतो: डोळ्यांखाली काळं-निळं, पापण्या सुजलेल्या. दुखणं त्या मानाने कमी असतं. खरा वैताग नाक चोंदल्याचा, कारण आत सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. दोन-तीन उशा लावून पाठीवर झोपवा. बर्फाची पिशवी डोळ्यांवर आणि गालावर, नाकावर अजिबात नाही. सलाइनचा स्प्रे दर दोन-तीन तासांनी मारला की खपल्या सुटतात.

नाक शिंकरायचं नाही, किमान २ आठवडे. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची, दाबायची नाही. म्हणून पहिले दहा दिवस त्याला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, मिरचीच्या फोडणीचा एक ठसका पुरतो. वासही काही आठवडे नीट येत नाही, तेव्हा गॅस बंद आहे का ते दुसऱ्याने बघावं.

सहाव्या-सातव्या दिवशी नाकावर बाहेरून बसवलेला साचा, टाके आणि आतल्या पट्ट्या काढतात. तोवर साचा भिजवायचा नाही, डोकं सलूनसारखं मागे टेकवून धुवा. साचा निघाल्यावर नाक जाड आणि वर उचललेलं दिसतं, वरच्या कातडीवर तेल आणि काळे ठिपके असतात. त्या दिवशी आरशात बघून बरेच जण हिरमुसतात. ती सूज असते.

बैठं काम १० ते १४ दिवसांनी. पळणं, वजन उचलणं ४ आठवड्यांनी, क्रिकेट ३ महिने नको. चष्मा ४ ते ६ आठवडे नाकावर टेकवू नये, पट्टीने कपाळाला चिकटवता येतो. आणि हेल्मेट! पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट ओढून काढताना नाकावरून घासतं. ६ आठवडे दुचाकी नकोच.

एक धोका पाठ करून ठेवा. पहिल्या काही दिवसांत दोन्ही नाकपुड्या अचानक जास्तच बंद होत गेल्या, ठणका वाढला, ताप आला, तर पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचलेलं असू शकतं. कूर्चेला रक्त त्या अस्तरातूनच मिळतं. अस्तर सुटलं की दोन-तीन दिवसांत कूर्चा मरते आणि नाक बसतं. साचलेलं रक्त त्याच दिवशी काढून टाकावं लागतं. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

दावा_खिडकी

विम्याचं. आयआरडीएआयच्या (विमा नियामक संस्थेच्या) ठरावीक अपवादांमध्ये, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या गोष्टींमध्ये, ०८ क्रमांकाचा अपवाद सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा आहे. पण अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर तो लागू होत नाही. म्हणून पडदा आणि टर्बिनेटचा भाग बसतो, उंचवटा घासण्याचा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून.

दोन्ही एकत्र करणार असाल तर अंदाजपत्रक दोन भागांत लिहून घ्या, सर्जनची फी आणि थिएटरचा वेळही वेगळा. एकाच ओळीत "रायनोप्लास्टी" लिहिलं की अख्खा दावा अडकतो. केसपेपरवर जुना मार, श्वासाचा त्रास, दुर्बिणीची तपासणी आणि औषधांचा प्रयत्न, हे सगळं तारखेसह हवं. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ बघा, पडद्यासाठी तो बऱ्याचदा २ वर्षांचा असतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एक सांगायचं राहिलं: तो दोन वर्षं रोज रात्री ऑट्रिविन (नाक मोकळं करणारे थेंब) टाकतो. त्याशिवाय झोप येत नाही म्हणतो. याने काही फरक पडतो का?

सप्तपर्ण

फार पडतो, आणि हे सर्जनना पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. ऑट्रिविन, नॅसिव्हियन ही औषधं पाच-सात दिवसांसाठी आहेत. त्याहून जास्त वापरली की परिणाम उतरताना अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब, आणि हे चक्र थांबत नाही. अशा फुगलेल्या नाकाची तपासणी खरी नसते. टर्बिनेट मोठी दिसतात, आणि थेंब चालू ठेवून ऑपरेशन केलं तर नाक पुन्हा बंद होतं.

आधी हे सोडवा. डॉक्टरांकडून फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टेरॉइड स्प्रे लिहून घ्या, तो रोज. थेंब पहिल्या आठवड्यात फक्त उजवीकडे बंद, डावीकडे चालू. उजवी बाजू स्थिरावली की डावीकडचेही बंद. तीन-चार रात्री त्रासाच्या जातील, उशी उंच आणि झोपण्याआधी सलाइनने धुणं याने निभावतं. स्प्रे मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजवीत, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं.

महिना-दीड महिन्याने पुन्हा दुर्बीण आणि गरज वाटली तर सीटी स्कॅन. ऑपरेशन डिसेंबरच्या मध्यापर्यंत झालं तर लग्नापर्यंत साडेचार-पाच महिने मिळतात. फोटोत दिसेल अशी बहुतेक सूज ३ महिन्यांत उतरते. शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. जानेवारी संपेपर्यंत जमलं नाही, तर सरळ लग्नानंतर करा.