केंद्रातील लहान शाळांच्या मुलांच्या यशाची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न : पालक, भोर तालुका

नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी असून पहिली ते पाचवीचा पट वीसच्या आसपास आहे. केंद्रातील (म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालील जवळपासच्या) सर्व शाळांनी मिळून विद्यार्थ्यांचे यश आणि उपक्रम यांची माहिती देणारे मासिक पत्रक काढावे, असा विचार शाळा व्यवस्थापन समितीत पुढे आला आहे. मात्र पहिल्या मसुद्यात शिष्यवृत्तीधारक, नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयासाठी निवड झालेली मुले आणि क्रीडास्पर्धांतील विजेते एवढेच आले, आणि त्यांतील बहुतेक जण केंद्रातील एकाच मोठ्या शाळेचे आहेत. अशा पत्रकात आमच्या मुलांविषयी काय लिहावे?

उत्तर १ : निवृत्त केंद्रप्रमुख

पत्रक अवश्य काढावे. परंतु विजेत्यांची यादी ही बऱ्याच अंशी पटसंख्येची यादी असते, हे समितीने आधी ध्यानात घ्यावे. जिल्हा परिषदेच्या यशवंतराव चव्हाण कला व क्रीडा महोत्सवात मुले केंद्र, बीट (काही केंद्रांचा गट), तालुका अशा पायऱ्या चढत जिल्ह्यापर्यंत जातात. खो-खोला मैदानात नऊ आणि कबड्डीला सात खेळाडू लागतात, शिवाय मुलामुलींचे संघ वेगळे. वीस पटाच्या शाळेने हा संघ उभा करायचा कोठून? लेझीम आणि भजनाचीही तीच गत. त्यामुळे धावणे, लांब उडी, वक्तृत्व अशा वैयक्तिक प्रकारांना पत्रकात स्वतंत्र जागा द्यावी आणि क्रमांकासोबत शाळेचा पटही छापावा, म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता येईल. बालआनंद मेळाव्यातील बाजारात तिसरीच्या मुलीने मेथीच्या जुड्या विकून हिशेब चोख ठेवला असेल, तर तीही बातमीच आहे. (अशा नोंदी तपासणीच्या वेळी कोणी मागत नाही, म्हणून त्या कोणी ठेवतही नाही.)

उत्तर २ : प्राथमिक शिक्षिका, मुळशी तालुका

सरांशी सहमत आहे, तरी परीक्षांना कमी लेखू नये असे वाटते. माझ्या अनुभवात वाडीवस्तीवरील मूल मागे राहते ते पुष्कळदा बुद्धीमुळे नव्हे, तर अर्जाची मुदत उलटल्यावर पालकांना माहिती मिळते म्हणून. पत्रकाचा निम्मा भाग निकालांऐवजी येऊ घातलेल्या संधींना द्यावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून पाचवी व आठवीला होत आली. ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा शासनाचा निर्णय अनेक पालकांच्या कानावर अजून गेलेला नाही. शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथील नवोदय विद्यालयासाठी अर्ज पाचवीत भरावा लागतो आणि तेथील किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. थोरली भावंडे आठवीत असतील, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील हुशार मुलांसाठी असलेल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची माहितीही द्यावी : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असल्यास निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. 2025 मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या साहाय्याने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील 25 मुलांना नासा पाहायला पाठवले. त्यांचे कौतुक सर्वत्र झाले, पण पुढच्या वर्षी बसू इच्छिणाऱ्या मुलाला तयारीची दिशा कोण सांगणार?

उत्तर ३ : पालक, हवेली तालुका

एक सूचना. मुलांची नावे व छायाचित्रे छापण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. गुणवत्ता यादी जशीच्या तशी उतरवली की गुणांबरोबर प्रवर्ग, जन्मतारीख असे तपशीलही छापले जातात. त्यांची पत्रकात काहीही गरज नाही.

पालक, भोर तालुका

सर्वांचे आभार. पहिल्या पानावर पुढील दोन महिन्यांतील अर्जांच्या तारखा, आत प्रत्येक शाळेला सारखी जागा आणि निकाल शेवटच्या पानावर, असा सुधारित मसुदा समितीच्या पुढील सभेत मांडतो. छपाईचा खर्च लोकवर्गणीतून करावा की शाळेच्या अनुदानातून, हे मुख्याध्यापकांना विचारून ठरवू.