मदत हवी आहे: टॉप हॅटचा काठ झेलाझेलीत सुटू नये म्हणून सांधा टाक्याने धरावा की गोंदाने?

नमस्कार मंडळी,

शिवणकामातल्या आणि नाटकाच्या वेशभूषेतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

कोथरूडला आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं नाटक बसतंय, विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीवरून सुचलेलं. रिंगमास्तर आणि त्याची विदूषक मंडळी काळ्या उंच टोप्या घालतात आणि एका प्रवेशात त्या एकमेकांकडे फेकून झेलतात. मुलांना हाच प्रवेश सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे तो काढायचा नाही हे नक्की. तालमीसाठी भाड्याने आणलेल्या टोप्या मात्र या झेलाझेलीत टिकत नाहीत. सगळं काम ग्लूगनचं आहे. काठाला धरून टोपी झेलली की काठ आणि घेर (टोपीची उभी भिंत) जिथे मिळतात तिथला गोंदाचा पट्टा सालीसारखा सोलून निघतो. दिव्यांखाली तापल्या की आणखी लवकर.

म्हणून टोप्या घरीच करायच्या ठरवल्या आहेत, आणि त्याही हातशिलाईने. घरी मशीन आहे, पण दुहेरी कडक बकरम (खळ दिलेलं जाड कापड) आणि वर वेल्व्हेट एवढी जाडी गोल वळवत फुटाखालून नेणं जमण्यासारखं नाही.

कागदी नमुना तयार आहे. रिंगमास्तरच्या डोक्याचा घेर 53 सेंमी भरला. अस्तर आणि आतली घामपट्टी यांच्यासाठी 1 सेंमी वाढवून 54 धरला. डोकं वाटोळं नसतं, लांबट असतं, म्हणून साधारण 19 × 15.5 सेंमीचा लंबगोल काढलाय. घेराची उंची 12 सेंमी, काठ 5 सेंमी. काठाच्या आतल्या बाजूला दीड सेंमी जास्त ठेवून त्याला कापे द्यायचे आणि त्या पाकळ्या वर वळवून घेराला आतून जोडायच्या, असा विचार आहे.

आता अडलंय ते इथे. या पाकळ्या नुसत्या शिवाव्यात, नुसत्या चिकटवाव्यात, की दोन्ही? टाका कोणता घालावा? काठाच्या कडेला तार घालायची आहे, तर ती कशी धरायची म्हणजे काठ लाटांसारखा वरखाली होणार नाही? आणि वेल्व्हेट बकरमवर चिकटवताना गोंद वर फुटून डाग पडू नये म्हणून काय करता? शिवाय दिवस पावसाचे, मुलं घामाघूम होणार. बकरम मऊ पडेल का, हीही काळजी आहे.

कृपया अनुभवातून सांगा. व्हिडिओ पाहिले आहेत, पण त्यातलं सामान इथे मिळत नाही.

प्रतिसाद

ताई, सांधा टाक्यानेच धरा. मी नाटकाचे कपडे बरीच वर्षं शिवले आहेत. गोंद सपाट भागाला छान धरतो, पण एका कडेकडून सोलणारा ताण आला की सुटतच जातो. काठ धरून झेलताना नेमका तोच ताण येतो. टाक्यांची पूर्ण ओळ असली की तो ताण सगळीकडे वाटला जातो.

आधी क्रम नीट लावा. काठावर कापड वेगळं चढवा, घेरावर वेगळं, आणि मगच दोन्ही जोडा. आधी जोडून मग कापड चढवायला गेलात तर त्या कोनात वेल्व्हेट कधीच नीट बसणार नाही.

पाकळ्या घेराच्या आत सरकवून लाकडी चिमट्यांनी धरा, बकरमात टाचण्या वाकतात. दोरा जाड पॉलिस्टरचा, दुहेरी, मेणाच्या वडीवरून ओढलेला. हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो. टाका बखियाचा. सुई तिरकी घालू नका. एका हाताने सरळ आरपार खुपसायची, दुसऱ्या हाताने पलीकडून ओढून घ्यायची, मग तशीच परत. तिरकी सुई बकरम फाडते आणि स्वतःही मोडते. अंगुस्ताना लागेलच. पहिली ओळ वळणाच्या अगदी वर, दुसरी तिच्यावर सेंटिमीटरभर अंतर सोडून, आणि दुसरीचे टाके पहिलीच्या टाक्यांच्या मधोमध पडतील असे. बाहेर दिसणारा दोरा टोपीभोवतीच्या रुंद रिबिनीखाली झाकला जातो, तेव्हा तिथे सुबकपणापेक्षा घट्टपणा बघा.

काठ लाटांसारखा होतो तो बहुतेक तारेमुळे. तार गुंडाळीतून काढली की तिचा बाक तसाच राहतो. अंगठ्यावरून ओढत ओढत तो आधी काढून टाका. टेबलावर नुसती ठेवली तरी ती काठाच्या आकारात सपाट पडली पाहिजे. तशी पडेपर्यंत शिवायला घेऊच नका. मग ती अगदी कडेवर ठेवून काजाच्या टाक्याने धरा, प्रत्येक टाक्याचा फास तारेवर येईल असा, सेंटिमीटरभर अंतराने. दोन्ही टोकं मागच्या बाजूला 5 सेंमी एकमेकांवर घ्या आणि वरून कापडी टेप गुंडाळा. मुलांची टोपी आहे, तारेचं टोक कुठेही टोचता कामा नये. शेवटी वरून उरेप, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली पट्टी. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या पाडते.

माथा घेराला जोडताना सरळ सुईने बोटं दुखतात. कुशनवाले वापरतात ती वाकडी सुई घ्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. गोंदाचं मी सांगतो, कारण माझं काम पुस्तकांच्या बाइंडिंगचं.

वेल्व्हेटसाठी साधा पांढरा फेविकॉल चालतो, पण पाणी घालून पातळ करू नका. पाणी जास्त झालं की गोंद कापडातून वर फुटतो, आणि बकरमला कडकपणा देणारी खळही मऊ पडते. ब्रशने पातळ थर फक्त बकरमला द्या, कापडाला नाही. ओली चकाकी जाऊन बोटाला चिकट लागेल इतपत थांबा, मग कापड ठेवून तळव्याने मधून कडेकडे सारत जा. वेल्व्हेटवर इस्त्री ठेवायची नाही, लव दबते ती दबलेलीच राहते. बकरम आणि वेल्व्हेट यांच्यामध्ये पातळ फलालीनचा एक थर घाला. आतल्या शिवणींचे उंचवटे वर दिसत नाहीत आणि डागाचा धोकाही कमी होतो.

चप्पल चिकटवायचा रबरी गोंद काठाच्या सपाट भागाला घट्ट धरतो. दोन्ही बाजूंना लावून, सुकत आला की दाबायचा. पण एकदा टेकला की सरकवता येत नाही, आणि त्याचा वास घ्यायचा नसतो. खिडक्या उघड्या ठेवा. कपाळाला लागणाऱ्या भागात तो नको, त्यातल्या राळेची काहींना अ‍ॅलर्जी असते. फेविक्विक तर सुती कापडावर अजिबात नको. सुताशी गाठ पडली की ते एकदम तापतं, चटका बसण्याइतकं. ग्लूगन मणी-पिसांपुरती ठेवा.

ओलाव्याचं म्हणाल तर काळजी रास्त आहे. बाजारातलं कडक बकरम बहुतेक खळीवरच कडक असतं आणि घामाने मऊ पडतं. त्याला उपाय चपडा लाखेचा. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तीच. 100 मिली स्पिरिटमध्ये 15 ग्रॅम चपडा टाकून झाकण लावून रात्रभर ठेवा, गाळा, आणि कापड चढवण्याआधी बकरमला दोन पातळ हात द्या. जुन्या काळी विलायती उंच टोप्यांचा सांगाडाही कापडाला लाख देऊनच कडक करत. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते, ती कापडाखाली जाणार असल्याने बिघडत नाही, पण उघडीप बघून केलंत तर लवकर सुकेल. गॅसपासून आणि मुलांपासून लांब.

घरी खळ शिजवणार असाल तर एक गोष्ट. आम्ही खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतो. डोक्याला लागणाऱ्या वस्तूत तो टाकू नका.

प्रतिसाद

घामपट्टी चिकटवू नका, शिवाच, तीही सगळ्यात शेवटी. फक्त खालच्या कडेने टाके घाला म्हणजे ती बाहेर उलटवून पुसता येते, आणि दुसऱ्या मुलाचं डोकं लहान असेल तर मागे स्पंजाची पट्टी सरकवता येते. सुती ग्रोसग्रेन (आडव्या बारीक रेघांची) फीत मिळाली तर उत्तम. वाफेच्या इस्त्रीखाली ओढून ती वळवता येते, पॉलिस्टरची वळत नाही. तुळशीबागेत लेस-फितीच्या दुकानांत विचारताना दोरा जाळून बघा, सुती असेल तर राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून गाठ होते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एका टोपीचा काठ आणि घेर बखियाच्या दोन ओळींनी जोडून पाहिला. काठाला धरून जोरात झटकला, आतल्या बाजूने हेअर ड्रायरने तापवून पुन्हा झटकला. एकही टाका हलला नाही. क्रमाचं सांगितलंत ते फार उपयोगी पडलं, मी आधी जोडूनच घेणार होते.

दोन शंका उरल्या आहेत. वेल्व्हेटची लव कोणत्या दिशेला ठेवू? आणि तार नेमकी कोणती मागू?

प्रतिसाद

लव घेरावर वरून खाली ठेवा, म्हणजे हात फिरवताना गुळगुळीत लागेल, आणि सगळ्या टोप्यांना एकच दिशा. नाहीतर दिव्यांत एक काळी आणि एक करडी दिसेल. घेराची शिवण मागे, तारेच्या जोडाच्या रेषेत येऊ देऊ नका, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या, नाहीतर तिथे गाठ होते.

तार रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. गॅल्व्हनाइज्ड 18 गेज मागा. काळी बायंडिंगची तार घेऊ नका, घामाने गंजते आणि डाग बाहेर येतो. विकत घेण्याआधी हातभर तुकडा वाकवून बघा. वाकवला तसा राहिला तर घ्या, फार मऊ लागला तर दुहेरी पीळ देऊन वापरा.