सल्ला हवा: वाहतुकीचं मॉडेल आणि क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) एकत्र जोडायचंय, बजेट २० हजार (सोलापूर)

मोजणीवाला_होटगीरोड
नमस्कार मंडळी. आमचं चार जणांचं सर्व्हेचं ऑफिस आहे. आजवर प्लॉटची मोजणी, लेआउट, पाइपलाइनचे नकाशे एवढंच केलं. आता एका मोठ्या कन्सल्टंटकडून पोटकाम आलंय. नवी पेठेतले दोन रस्ते एकेरी केले तर पार्क चौक, डफरीन चौक आणि सात रस्त्याला किती गाडी वाढेल ते काढायचं आणि नकाशावर रंगवून दाखवायचं. ज्यांच्यासमोर मांडायचंय त्यांना तक्ता दाखवला की ते मोबाईल काढतात.

क्यूजीआयएस मला बऱ्यापैकी येतं. मॉडेलिंग मात्र कॉलेजात एक पेपर होता तेवढंच. घोडं इथं अडलंय: मॉडेल एकीकडे चालणार, नकाशा दुसरीकडे, आणि दोन्हीतले रस्ते एकमेकांना ओळखणार कसे?

मोजणीची पोरं धरून सगळे मिळून २० हजार. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम. मुदत दीड महिना. वर एक रुपया मिळणार नाही हे साहेबांनी दोनदा सांगितलंय.

कोथरूडकर_मॉडेलर
विझम हे वाहतूक मॉडेलचं विकतचं सॉफ्टवेअर घ्या आणि मोकळे व्हा. शेपफाईल (नकाशाची फाईल) थेट आत घेता येते, ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशाही घेता येतो, निकाल परत शेपफाईलमध्ये बाहेर. पुढे चौकाचं बारीक काम निघालं तर तेच जाळं विसिम या त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतं. आम्ही आठ वर्षं हेच वापरतोय. फुकटच्या नादाला लागलात की शेवटी दुप्पट वेळ जातो, हा अनुभव आहे.

कडकभाकरी
त्यानं २० हजार लिहिलंय की बे. तुमच्या त्या लायसनच्या पैशात नवी पेठेत गाळा येईल.

कोथरूडकर_मॉडेलर
मी दर्जाबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नाही.

रॅम_वाढवा
आधी लॅपटॉप बदला. ८ जीबीत काही होत नाही. मी मागच्या दिवाळीत ३२ जीबीवाला घेतला, ९२ हजार पडले, पण उघडला की पंख्याचा आवाजसुद्धा नाही. बाकी विषयातलं मला फारसं कळत नाही.

जुळे_सोलापूरची_कोडवाली
सुमो वापरा, एकेक गाडी रस्त्यावर पळवून दाखवणारं सॉफ्टवेअर. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेचं आहे, २००१ पासून चालू, मुक्तस्रोत, एक पैसा लागत नाही. माझा एमटेकचा प्रकल्प त्यावरच होता. ओपनस्ट्रीटमॅपवरून सोलापूरचा तुकडा उतरवायचा आणि नेटकन्व्हर्ट नावाच्या साधनातून रस्त्यांचं जाळं करायचं. तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा.

डाव्या बाजूनं वाहतूक हा पर्याय स्वतः लावावा लागतो. मी विसरले होते, दोन दिवस सगळं सोलापूर उजव्या बाजूनं पळत होतं आणि गाईडना ते माझ्या आधी दिसलं.

दुसरं, आपल्याकडे दुचाकी लेन पाळत नाही, दोन रिक्षांच्या मधून निघते. त्यासाठी सबलेनचं मॉडेल आहे, ते चालू करा. नाहीतर प्रत्येक स्कूटी मोटारीमागे शिस्तीत उभी राहील आणि रांग खोटी लांब दिसेल.

तिसरं, सात रस्त्यासारखा चौक नकाशावर पाच-सात छोट्या बिंदूंचा पुंजका असतो. ते बिंदू एकत्र सांधले नाहीत तर गाड्या चौकाच्या मधोमध अडकतात.

शेंगाचटणी
सुमो म्हणजे ती टाटाची का? आमच्याकडे २००४ ची आहे, तुळजापूरला अजून जाते.

सर्व्हेवाला_अण्णा_अक्कलकोटरोड
+१ सुमो. पण मालक, निर्देशांक सांभाळा. माझं काय झालं ऐका. सुमो जाळं करताना सगळे आकडे सरकवून डावा-खालचा कोपरा शून्यावर आणतं. किती सरकवलं ते फाईलच्या डोक्याला लिहिलेलं असतं, मी ते वाचलंच नाही. तसेच आकडे क्यूजीआयएसमध्ये टाकले आणि यूटीएम (मीटरमधली निर्देशांक पद्धत) पट्टा ४३ उत्तर सांगून मोकळा झालो. सोलापूर गायब! झूम आऊट, झूम आऊट करत गेलो तर आख्खं गाव मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, भर समुद्रात. सात रस्ता, सिद्धेश्वर तलाव, सगळं पाण्यात.

दुसऱ्या खेपेला मोजणीच्या ठिकाणांची सीएसव्ही चढवली, अक्षांश-रेखांश उलटे पडले. तेव्हा आमचे चौक स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिकमध्ये निघाले. ४३ अंशाच्या उन्हात बसून मी ते बघत होतो.

म्हणून एक खूण सांगतो. ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे त्याच पट्टा ४३ च्या निर्देशांकांत, सोलापूर शहरात कुठंही बोट ठेवा, पूर्वेचा आकडा सहा लाखाच्या आगेमागे आणि उत्तरेचा साडेएकोणीस लाखाच्या आसपास मीटर यायला पाहिजे. आला नाही तर पुढचं काम थांबवा.

निवृत्त_ओव्हरसियर
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आधी मोजणी. आमच्या वेळी काउंटर नव्हते, पाटीवर पाच-पाचच्या काड्या मारायच्या, दर १५ मिनिटांनी कागद बदलायचा. सात रस्त्याला सातही बाजू धरल्या तर एकेका बाजूनं येणारा सहा दिशांना जातो, म्हणजे ४२ वळणं. दोन पोरांत हे होणार नाही. आणि पीसीयू, म्हणजे एक वाहन किती मोटारींइतकं धरायचं तो आकडा, चुकवू नका. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आयआरसी १०६, सन १९९०: दुचाकीला ०.५.

कोडवाली
काका, ०.५ हा दुचाकींचं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर. १० टक्के आणि वर असेल तर त्याच तक्त्यात ०.७५ आहे. सोलापुरात दुचाकी १० टक्क्यांच्या खाली कुठल्या रस्त्यावर आहे ते मला दाखवा.

निवृत्त_ओव्हरसियर
बाळ, मी हा तक्ता वापरायला लागलो तेव्हा तू शाळेतही नसशील. रिक्षाला १.२ घ्यायचो आम्ही.

कोडवाली
तेही तसंच आहे काका. १.२ किंवा २.०, प्रमाणावर. आणि २०१७ ला इंडो-एचसीएम (रस्त्यांच्या क्षमतेची भारतीय पुस्तिका) आलंय, त्यात तर आकडे परिस्थितीनुसार बदलतात.

निवृत्त_ओव्हरसियर
तक्ता काढून बघितला. ०.७५ बरोबर आहे. पण बैलगाडी विसरू नका, आमच्या वेळी मार्केट यार्डाकडं बैलगाड्यांची रांग लागायची.

पार्किंग_पीडित
एकेरी करून काय होणार? नवी पेठेत दोन्ही बाजूला दुचाक्या तिरक्या लावलेल्या असतात, मधे हातगाडी, राहतो रस्ता किती? शनिवारी संध्याकाळी बायकोसोबत चादर घ्यायला गेलो, गाडी लावायलाच ४० मिनिटं. सॉफ्टवेअरला हे दिसतं का?

कडकभाकरी
गाडी पार्क चौकात लावून चालत जायचं. चादरीला कशाला गाडी लागते?

पार्किंग_पीडित
चार चादरी होत्या.

ट्रान्सपोर्टचा_मास्तर
पार्किंगवाल्या साहेबांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मॉडेलमध्ये रस्त्याची क्षमता कागदावरच्या रुंदीवरून धरली तर निकाल खोटा येतो. टेप घेऊन जा आणि गाड्या लावल्यावर उरलेली रुंदी मोजा.

आता मूळ प्रश्न. ट्रान्सकॅड हे विकतचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर मुळातच जीआयएसवर, म्हणजे नकाशाच्या प्रणालीवर, बांधलेलं आहे, तिथं वेगळं जोडायचं काही उरत नाही. तुमच्या बजेटात ते बसत नाही, म्हणून विषय सोडतो. पण जोडणीचा खरा त्रास कुठं होतो ते सांगतो. फाईल इकडून तिकडं जाते, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जाते. हरवतो तो रस्त्याचा क्रमांक. ओपनस्ट्रीटमॅपवरचा एक लांब रस्ता सुमोत आला की प्रत्येक चौकाला तुटतो. मूळ क्रमांकाला शेपटी लागते, #०, #१, #२ अशी, आणि उलट दिशेला पुढं वजाचं चिन्ह. मग तुम्ही निकालाचा तक्ता क्यूजीआयएसमध्ये मूळ नकाशाला जोडायला जाता आणि अर्धे रस्ते रिकामे दिसतात. आमच्या एका गटानं त्या रिकाम्या रस्त्यांना ‘वाहतूक नाही’ असं समजून अहवाल लिहिला होता.

उपाय दोन. जाळं बनवताना मूळ नावं जपायचा पर्याय चालू ठेवा. किंवा मूळ नकाशा बाजूला ठेवा, सुमोचं तुटलेलं जाळंच जिओजेसन (नकाशाचा फाईल प्रकार) करून क्यूजीआयएसमध्ये आणा आणि निकाल त्याला जोडा. दुसरा उपाय सोपा.

शेपफाईल टाळा, जिओपॅकेज वापरा. शेपफाईलमध्ये रकान्याचं नाव १० बाइटांत बसवावं लागतं. मराठी अक्षराला ३ बाइट, म्हणजे ‘रस्ता’सुद्धा पुरा मावत नाही.

ड्रोन_किंग
मोजणीला पोरं कशाला? ड्रोन उडवा. मी लग्नाचं शूटिंग करतो, सात रस्त्याचा व्हिडिओ १५ हजारात देतो.

कडकभाकरी
परवानगी कोण काढणार, नवरदेव?

नेहमी_उशिरा_वाचणारा
सगळं वाचलं नाही. सुमो घ्या, फुकट आहे.

बाळीवेशीतला_भूगोलवाला
कुणी एक्विलिब्रेचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. ते रस्त्यांवर वाहतूक वाटून दाखवणारं क्यूजीआयएसचंच प्लगइन आहे. रस्त्यांचं जाळं स्पेशियालाइट या नकाशाच्या डेटाबेसमध्ये राहतं, म्हणजे जो थर तुम्ही नकाशात उघडता त्यावरच गणित चालतं. मी वापरलं नाही फारसं, बसवताना पायथनच्या पॅकेजवरून रडवतं.

कोथरूडकर_मॉडेलर
असल्या प्लगइनवर अहवाल दिलेला कोण स्वीकारणार?

कोडवाली
त्यात गाड्या धावताना दिसत नाहीत. सिग्नलची रांग नाही, काही नाही. नुसत्या जाड-बारीक रेघा.

मोजणीवाला_होटगीरोड
सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमची मालदीवची गोष्ट ऑफिसात वाचून दाखवली, साहेब पहिल्यांदा हसले. एक विचारायचं होतं: ४२ वळणं मोजली तरी गाडी कुठून निघाली आणि कुठं गेली हे कसं कळणार?

ट्रान्सपोर्टचा_मास्तर
वळणांच्या मोजणीतून ते कळत नाही. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे दोन टोकांना एकाच वेळी लिहून घ्या आणि जुळवा. सगळ्या गाड्या नकोत, दर पाचवी चालेल, पण दोन्ही टोकांना तोच नियम लावू नका. तसं केलंत तर जुळणी होणारच नाही. एका टोकाला नमुना, दुसऱ्या टोकाला सगळ्या.

निवृत्त_ओव्हरसियर
आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत मोजू नका. एका साहेबानं जानेवारीत मोजणी लावली होती, होम मैदानाची सगळी जत्रा त्यानं रोजची वाहतूक म्हणून लिहिली. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला रस्ते बंद, ते शून्य म्हणून लिहिले.

मोजणीवाला_होटगीरोड
तीन आठवड्यांनी परत येतोय. राग मानू नका, बहुतेकांचं ऐकलं नाही. एक्विलिब्रेच घेतलं.

कारण सांगतो. सुमो दोन दिवस चालवून बघितलं. गाड्या पळताना बघून पोरं खूष, मीसुद्धा. पण मला विचारलंय ते इतकंच, की कुठली गाडी कुठल्या रस्त्यावर सरकेल. एक्विलिब्रेत प्रत्येक रेघेला दिशेचा रकाना आहे: १, -१ किंवा ० (दोन्ही बाजूंनी). नवी पेठेतल्या रेघा निवडल्या, ० चा १ केला, गणित परत चालवलं, नकाशा तिथंच बदलला. क्रमांक तोच, जोडायला काही उरलंच नाही. एकदा फसलो: रेघ ज्या बाजूनं ओढलीय त्या बाजूची दिशा १ धरतात. एक रेघ उलटी ओढलेली होती, तर रस्ता मधेच समोरासमोर एकेरी झाला.

पैसे: मोजणीची आठ डिप्लोमाची पोरं, तीन दिवस, १४,४००. नाश्ता, पाणी, छत्र्या २,३००. टेप जुनाच. लॅपटॉप तोच, पंखा आवाज करतो.

कोडवाली
ठीक आहे, पण मर्यादा अहवालात लिहा. गर्दीनं प्रवासाचा वेळ किती वाढतो ते सांगणाऱ्या बीपीआरच्या सूत्रात, ०.१५ आणि चौथा घात घेतला तर, क्षमतेच्या दीडपट गाड्या घातल्या तरी प्रवासाचा वेळ ७६ टक्केच वाढतो आणि गाड्या पार होतात. डफरीन चौकात दीडपट गाड्या पार होत नाहीत, उभ्या राहतात.

मोजणीवाला_होटगीरोड
मान्य, ताई. तेवढं वाक्य तुमचंच उचलतो. क्षमतेच्या वर गेलेले रस्ते लाल केलेत आणि खाली लिहिलंय की इथं प्रत्यक्ष रांग लागेल, आकडा मानू नये.

एक अडचण मात्र सुटत नाही. एकेरी केल्यावर जवळपास ६०० गाड्या तासाला एका बोळातून जाताना दिसतायत. क्षमतेचा रकाना रिकामा होता, मी इतर गल्ल्यांचा आकडा घातला, तरी तेच.

कडकभाकरी
कुठला बोळ?

मोजणीवाला_होटगीरोड
पेठेच्या मागं, पिठाच्या गिरणीजवळचा.

कडकभाकरी
तिथं पायऱ्या हायत बे. सात पायऱ्या. मी रोज दळण घेऊन उतरतो.